लिलावात उरलेली झाडे

(कापणीच्या सणाच्या उपासनेनंतर मंडळीपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर. वाचकांच्या सोयीसाठी थोडा आटोपशीर केला आहे.)



संदेश आताच झाला आहे आणि तो चांगला झाला. त्यामुळे मी दुसरा देणार नाही. बाहेर मांडवात लिलावासाठी भोपळे, पपया, ज्वारीची कणसे आणि दोन कोंबड्या आपली वाट पाहत आहेत, हेही मला माहीत आहे. मला फक्त झाडांविषयी थोडे बोलायचे आहे. मी काही बागकामातली जाणकार नाही. या कामात मला एकच वर्ष झाले आहे आणि त्या वर्षात मी जितकी झाडे वाचवली, त्याच्या दुपटीहून जास्त मारली. म्हणून हा अनुभव कमी आणि कबुलीजबाब जास्त आहे, असे समजा.

मागच्या वर्षीच्या कापणीच्या सणाचा लिलाव आठवतो ना? एक डझन गावरान अंड्यांची बोली पाचशे रुपयांपर्यंत गेली होती. सगळे विकून झाल्यावर टेबलाच्या कोपऱ्यात एक गुलाबाची कुंडी उरली. पाने गळालेली, नुसत्या काटक्या. बोली पुकारणारे दादा गमतीने म्हणाले, "हे सरपण कोण घेणार?" सगळे हसले. मीही हसले. पण कोणी तरी ते झाड पहिल्या उत्पन्नाच्या भावनेने इथवर आणले होते, ते तसेच परत न्यायला लागणार, याचे मला वाईट वाटले. मी हात वर केला आणि दहा रुपयांना ती कुंडी घेतली.

तिथून मला चटकच लागली. पुढच्याच आठवड्यात जिंतूर रस्त्याने जाताना एका रोपवाटिकेच्या मागच्या बाजूला मला एक ढीग दिसला. पावसाळ्यात न विकली गेलेली रोपे तिथे आडवीतिडवी पडली होती. जास्वंद, मोगरा, कढीपत्ता, लिंबू, पेरू, अडेनियम. एरवी शंभर-सव्वाशे रुपयांचे रोप, पण मालक म्हणाला, "ताई, वीस रुपये नग. जगलं तर तुमचं, मेलं तर नशीब." मी बावीस रोपे घेतली. गुलाब धरून तेवीस झाली. रिक्षात ती मांडीवर घेऊन बसले तेव्हा मला वाटत होते, मी आज तेवीस जीव वाचवले.

मकर संक्रांतीपर्यंत त्यातली चौदा मेली.

ती का मेली, हे सांगण्यासाठीच मी उभी आहे. ती दुर्लक्षाने मेली नाहीत. दुर्लक्ष झाले होते ते माझ्याकडे येण्यापूर्वी, आणि ते सोसून ती जिवंत होती. ती मेली माझ्या मायेने.

मी काय केले ते ऐका. आणल्या दिवशी सगळ्यांना भरपूर पाणी घातले. दुसऱ्या दिवशी पाने मलूल दिसली म्हणून पुन्हा घातले. तिसऱ्या दिवशी कुणी तरी सांगितले, खत घाला, म्हणून मूठ मूठ युरिया घातला. झाडाला ऊन लागते एवढे ठाऊक होते, म्हणून सगळ्या कुंड्या गच्चीवर उन्हात मांडल्या. आणि रोज सकाळी जाऊन पाने मोजत बसले. आमच्या मुलींपैकी नववीतली एक मुलगी माझ्याबरोबर असायची. तिने एकदा हळूच विचारले, "ताई, रोज पाणी घातलं तर ते खाली कुठं जाणार?" मी म्हणाले, "तू अभ्यास कर." त्या मुलीविषयी बोलण्याआधी मी तिची परवानगी घेतली आहे. ती म्हणाली, गुलाबाचं सांगा, माझं जास्त सांगू नका. तो शब्द मी पाळणार आहे.

नाताळच्या सुट्टीत तिची आजी तिला न्यायला आली. आजी जिंतूर तालुक्यातल्या आंध वस्तीवरची. आपल्या भागात आंध समाज म्हटला की आपण जातीचा दाखला, आश्रमशाळा आणि कळमनुरीचे प्रकल्प कार्यालय एवढेच आठवतो. आजी आली ती चहा घेण्याआधी गच्चीवर गेली. तोवर अकरा झाडे गेली होती, बारा उरली होती. तिने एक कुंडी उचलून पाहिली, खाली ठेवली. दुसरी उचलली. मग माती नाकाजवळ नेऊन वास घेतला आणि म्हणाली, "बाई, तहान लागल्याबिगर पाणी गोड लागतं का कुणाला? हे झाड बुडालंय."

मग तिने अंगठ्याच्या नखाने एका काटकीची साल किंचित खरवडली. आतून तपकिरी. थोडे खाली खरवडले. तिथेही तपकिरी. अगदी मुळाजवळ हिरवी रेघ दिसली. "हितं जीव हाय," ती म्हणाली. "वरचं कापून टाका. झाड मुळानं मरतं अन् आपण पानाकडं बघत बसतो."

भावंडांनो, माझ्याकडे ईशज्ञानाची पदविका आहे. आदिवासी वस्त्यांवर काम करून मला कित्येक वर्षे झाली. त्या वस्त्यांवर जाऊन मी आरोग्यावर, शिक्षणावर, बचतीवर बोलते. पण ज्या लोकांत मी इतकी वर्षे शिकवायला जात होते, त्यांना काय येते हे मी क्वचितच विचारले होते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे आपल्याला माहीत आहेत. महादेव कोळी समाजाच्या, शाळेचे तोंड न पाहिलेल्या. गावठी बियाणे जपून त्यांनी बियाणे बँक उभी केली आणि 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांचे छायाचित्र मी आमच्या वसतिगृहाच्या भिंतीवर लावले होते. आणि त्याच भिंतीखाली उभ्या असलेल्या मुलीला मी म्हणाले होते, तू अभ्यास कर.

आजीने त्या दिवशी जे दाखवले आणि पुढे मी कृषी विद्यापीठातल्या जाणकारांना विचारून, वाचून जे शिकले, ते आता थोडक्यात सांगते. कुणाला उपयोग होईल. लिहून घ्यायचे असेल तर घ्या.

पहिली गोष्ट, विकत घेताना. स्वस्त मिळते म्हणून सगळे घेऊ नका. नखाने साल खरवडून पाहा. हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे, मग एकही पान नसले तरी चालेल. खोड मऊ, काळपट लागले किंवा मातीला कुजका वास आला, तर ते फुकट मिळाले तरी आणू नका. पाने पिवळी असणे हा आजार नाही, ती तक्रार आहे. खोड कुजणे हा मात्र शेवट असतो.

दुसरी गोष्ट, घरी आणल्यावर वेगळे ठेवा. दोन-तीन आठवडे बाकीच्या झाडांपासून दूर. करोनाच्या काळात आपण सगळे हे शिकलो आहोतच. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे दिसले तर तो पिठ्या ढेकूण. आपण परभणीचे लोक कापूसवाले, शेतात त्याला लगेच ओळखतो, पण कुंडीत ओळखत नाही. साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या कापडाने तो पुसून काढावा. नंतर एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि साबणाचे चार थेंब टाकून संध्याकाळी फवारावे. आठवड्याने पुन्हा. एका फवाऱ्यात तो जात नाही.

तिसरी गोष्ट पाण्याची. आपल्याकडे विकायला येणारी पुष्कळ रोपे आंध्रातल्या कडियमहून येतात. ते गाव राजमहेंद्रीजवळ, गोदावरीच्या काठच्या मुलखात आहे. म्हणजे गंगाखेडला आपण जी गंगा पाहतो, तिच्याच खालच्या अंगाची ही झाडे. ती बहुधा लाल चिकट मातीच्या गोळ्यात बांधलेली असतात. हा गोळा एकदा वाळला की विटेसारखा होतो. वरून घातलेले पाणी कडेने वाहून जाते आणि आपल्याला वाटते, पाजले. आत मूळ कोरडेच राहते. अशा वेळी कुंडी किंवा पिशवी बादलीभर पाण्यात ठेवावी आणि बुडबुडे येणे थांबले की काढावी. मग मात्र वरची माती दोन पेरे खोलवर कोरडी लागेपर्यंत पुन्हा पाणी नाही. आजी बोट घालत नाही, ती कुंडी उचलून वजनावर ओळखते. मलाही आता थोडे जमते.

चौथी गोष्ट, मुळे. पिशवीत वर्षभर अडकलेल्या रोपाची मुळे आतल्या आत गोल फिरून दोरखंडासारखी होतात. तशीच ती जमिनीत लावली तर वर्षानुवर्षे त्याच गोलात फिरत राहतात, बाहेरच्या मातीत शिरत नाहीत. म्हणून पिशवी ओढून न काढता ब्लेडने चिरावी आणि गोळ्याच्या बाजूने दोन-तीन उभे छेद द्यावेत. पांढरी मुळे चांगली. तपकिरी, लिबलिबीत मुळे कापून टाकावीत. माझा हात पहिल्यांदा हे करताना थरथरला होता. वाचवायला आणलेल्या झाडाला कापायचे कसे? पण तो वेढा तोडल्याशिवाय झाड मोकळे होत नाही.

पाचवी गोष्ट, माती. आपली काळी माती कापसाला, तुरीला चांगली, पण कुंडीत ती एकटी चालत नाही. ओली झाली की फुगून गच्च होते, पाणी धरून ठेवते. वाळली की भेगा पडून मुळे तोडते. एक भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि एक भाग वाळू असे मिश्रण करावे. ताजे शेण घालू नये, त्याची उष्णता मुळांना भाजते. कुंडीच्या तळाला भोक आहे का ते पाहावे. माझ्या तीन कुंड्यांना भोकच नव्हते. त्यातली तिन्ही झाडे गेली.

सहावी गोष्ट, ऊन आणि खत. आजारातून उठलेल्या माणसाला आपण पहिल्या दिवशी पुरणपोळी वाढत नाही, पेज देतो. झाडाचेही तसेच आहे. पहिले दोन आठवडे सावलीत, मग सकाळचे कोवळे ऊन, मग हळूहळू जास्त. नवी पालवी फुटून स्थिरावेपर्यंत खत नाही. माझा तो युरिया म्हणजे उपाशी माणसाच्या पोटात तिखटाचा गोळा होता.

आणि गुलाबाविषयी एक. बाजारातला गुलाब बहुधा डोळा भरलेला असतो. खाली जंगली गुलाबाचे मूळ, वर फुलाची जात. त्या सांध्याच्या खालून जोमदार फांदी फुटली की आपल्याला आनंद होतो. पण ती जंगली फांदी असते आणि वरच्या जातीचे सगळे अन्न ती खाते. ती बुडातून काढावी लागते. माझ्या दहा रुपयांच्या गुलाबाला पहिली फूट नेमकी खालूनच आली. दोन महिन्यांनी दिसलेली ती एकमेव हिरवी फांदी आणि ती काढायची! मी आठ दिवस काढली नाही. शेवटी काढली. त्यानंतर तीन आठवड्यांनी सांध्याच्या वर एक लालसर डोळा फुगला.

तो डोळा फुगला तेव्हा ती मुलगी वसतिगृहात नव्हती. नाताळला आजीबरोबर गेली ती परत आलीच नाही. तिचे आईवडील ऊसतोडीला गेले होते. आई तिथे कोपीवर बाळंत झाली आणि बाळ सांभाळायला मोठी मुलगी हवी होती. मी फार चिडले होते, हे आज तुमच्यासमोर कबूल करते. मी तिच्यासाठी जादा शिकवणी लावली होती, इंग्रजीची पुस्तके आणली होती, रात्री दहापर्यंत तिला बसवत होते. मला वाटले, एवढे केले आणि हे असे झाले. फेब्रुवारीत एका रात्री गच्चीवर त्या रिकाम्या चौदा कुंड्या पाहताना माझ्या लक्षात आले, तिच्याही बाबतीत मी पाने मोजत होते. उचल घेतलेल्या घरात मोठ्या मुलीवर काय वजन असते, ते मी कधी उचलून पाहिले नव्हते. एवढेच सांगते. मुली म्हणजे झाडे नव्हेत. झाड बोलत नाही म्हणून आपल्याला अंदाज करावा लागतो, ती मुलगी तर बोलू शकत होती. मी विचारले नव्हते.

आता मे महिन्याविषयी. आपल्या जिल्ह्यात मे म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर, विहिरी तळाला, बोअरला हवा. आमच्या गल्लीत टँकरसमोर घागरींची रांग लागायची. एक दिवस मी कुंड्यांना पाणी घालत होते, तेव्हा शेजारच्या काकू थांबल्या आणि म्हणाल्या, "ताई, माणसांना प्यायला नाही आणि तुम्ही कुंड्या भिजवता?"

मला उत्तर देता आले नाही. कारण त्यांचे बरोबर होते. ज्या वस्त्यांवर मी काम करते, तिथल्या बाया दोन हंड्यांसाठी उन्हात चालतात. मग माझ्या मोगऱ्याला रोज लिटरभर पाणी कोणत्या हक्काने?

त्या दिवसापासून मी नियम केला. पिण्याचा थेंब झाडाला नाही. तांदूळ, भाज्या, डाळ धुतलेले पाणी एका बादलीत साठवायचे आणि त्यातच सगळे भागवायचे. मुलींच्या स्वयंपाकघरात ते सात-आठ लिटर निघायचे. कुंड्या पूर्वेच्या भिंतीशी आणल्या, म्हणजे दुपारचे ऊन चुकले. वर हिरवी जाळी बांधली, मातीवर वाळलेल्या पाल्याचा जाड थर दिला, सगळ्या कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवल्या. पाणी फक्त संध्याकाळी. तरीही लिंबू गेले आणि एक मोगरा गेला. नऊपैकी सात उरली. त्या दोघांसाठी मी टँकरच्या रांगेत उभी राहिले नाही आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. पण एक धडा घेतला. झाड विकत घेताना खिशातले पैसे मोजायचे नाहीत, मे महिन्यातले पाणी मोजायचे. वीस रुपयांना झाड मिळते, त्याचा उन्हाळा वीस रुपयांना मिळत नाही. स्वस्त मिळाली म्हणून बावीस आणली, त्याऐवजी पाच आणली असती तर कदाचित पाचही जगली असती.

बोअरच्या पाण्याचेही एक सांगते. ते आपल्याकडे जड असते. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसतो तो त्याचाच. त्याने जास्वंदीची नवी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोह मातीत असूनही मुळाला घेता येत नाही म्हणून असे होते. मृगाचा पाऊस पडला की पत्र्याखाली पिंप ठेवा आणि ते पाणी अशा झाडांना द्या. माझी जास्वंद श्रावणात त्यानेच सावरली.

मित्रांनो, टाकून दिलेल्या रोपात कधी काय निघेल, सांगता येत नाही. दोन गोष्टी मला फार धीर देतात.

पहिली विल्यम केरी यांची. ज्यांनी 1805 साली मराठी व्याकरण छापले आणि ज्यांच्या सेरामपूरच्या छापखान्यातून 1811 साली मराठी नवा करार निघाला, तेच हे केरी. त्यांना झाडांचे अपार वेड होते. 1820 साली कलकत्त्यात कृषी आणि उद्यानविद्येची संस्था त्यांनीच सुरू केली. त्यांना एकदा इंग्लंडहून बियांची पिशवी आली. सगळ्या बिया काढून झाल्यावर त्यांनी ती रिकामी पिशवी फेकून दिली नाही. काही वाया जाऊ नये म्हणून सावलीतल्या मातीवर ती झटकली. काही दिवसांनी तिथे डेझीचे एक रोप उगवले. लहानपणी गावच्या कुरणात दिसणारे साधे फूल, जे त्यांनी तीस वर्षांहून जास्त काळ पाहिले नव्हते. त्या आनंदाविषयी त्यांनी मित्राला पत्र लिहिले. 1823 च्या पुरात त्यांची बाग उद्ध्वस्त झाली, तेव्हाही ते पुन्हा लावायला बसले. इतकी भाषांतरे करणाऱ्या माणसाला पिशवीच्या तळाची धूळ झटकायला वेळ होता.

दुसरी गोष्ट आपल्या परभणीची. 1972 साली स्थापन झालेल्या आपल्या कृषी विद्यापीठाने 'परभणी क्रांती' ही भेंडीची जात दिली. तेव्हाच्या चांगल्या जाती केवडा रोगाने पिवळ्या पडत होत्या. पांढरी माशी तो रोग पसरवते आणि त्यावर औषध नाही. आपल्या शास्त्रज्ञांनी तेव्हाच्या नावाजलेल्या भेंडीचा संकर तिच्याच नात्यातल्या रानटी जातीशी केला आणि रोगाला तोंड देण्याची ताकद त्या रानटी झाडाकडून घेतली. जिला बाजारात कुणी विचारले नसते, तिच्यात ती ताकद होती. आपण रोज भेंडीची भाजी खातो, तेव्हा हे आठवत नाही. आदिवासी भावंडांबरोबर काम करताना मला ते आता आठवते. आपण त्यांना काही देतो, हे खरे. पण रोगाला तोंड देण्याची ताकद कधी कधी त्यांच्याकडूनच घ्यायची असते.

शेवटी अंजिराच्या झाडाचा दाखला. लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातला, तुम्हा सर्वांच्या परिचयाचा. मालक तीन वर्षे फळ पाहायला येतो, मिळत नाही, आणि तोडून टाका म्हणतो. माळी एक वर्ष मागून घेतो. हा दाखला मी कितीदा सांगितला असेल. पण माळीकाम केल्यावर त्यात दोन गोष्टी नव्याने दिसल्या. एक म्हणजे माळी नुसता वेळ मागत नाही. मी भोवती खणेन आणि खत घालेन, असे स्वतःच्या हातांचे काम तो बोलून दाखवतो. आणि त्याचा क्रमही बरोबर आहे. आधी खणणे, मग खत. मी उलटे केले होते. दुसरी म्हणजे, पुढच्या वर्षी फळ आले की नाही, ते दाखल्यात सांगितलेलेच नाही. गोष्ट तिथेच थांबते. माळ्याला हमी मिळाली नाही, त्याला एक वर्ष मिळाले. आपल्यालाही तेवढेच मिळते.

एप्रिलमध्ये ऊसतोड संपली आणि ती मुलगी वसतिगृहात भेटायला आली. परीक्षा हुकली होती. मला काय बोलावे कळेना. तिने आल्या आल्या विचारले, "गुलाब आहे का?" आम्ही दोघी गच्चीवर गेलो. सांध्याच्या वर वीतभर फांदी आली होती, फूल नव्हते. तिने कुंडी उचलून पाहिली, अगदी आजीसारखी, आणि म्हणाली, "आज नको पाणी." जूनमध्ये ती परत आली, त्याच वर्गात, तिच्याहून लहान मुलींबरोबर. या वर्षी हंगाम सुरू झाला तेव्हा धाकट्या भावाला घेऊन आजी गावी थांबली आहे, म्हणून ही इथे आहे. पुढच्या वर्षी काय होईल, मला माहीत नाही. शिकवणी आता तिने मागितली तेवढीच आहे, फक्त गणिताची. माझे वचन इथे संपते, यापुढे तिच्याविषयी काही बोलत नाही.

गुलाबाला ऑक्टोबरमध्ये छाटणी केली. आज सकाळी त्याच्यावर दोन कळ्या आहेत. तो मी लिलावाला आणलेला नाही, तो माझा नाही.

पण दाराजवळच्या टेबलावर अठरा पिशव्या ठेवल्या आहेत. उरलेल्या सात झाडांनी पावसाळ्यात दिलेली ती लेकरे आहेत. जास्वंदीच्या फांद्या, मोगऱ्याची दाबकलमे, कढीपत्त्याच्या बुडाशी फुटलेली रोपे. ती विकायची नाहीत. ज्यांना हवी त्यांनी एकच न्यावी आणि नेण्याआधी मे महिन्यात आपल्या घरी धुण्याभांड्याआधीचे किती पाणी उरते, ते मनात मोजावे. नसेल उरत तर नेऊ नका, त्यात काही कमीपणा नाही. नेलीत तर पुढच्या कापणीच्या सणाला येताना सांगा, जगले की गेले. गेले तरी सांगा. का गेले ते दोघांनी मिळून पाहू.

आणि आजच्या लिलावातही शेवटी कुठली तरी वाळकी कुंडी उरेल. बोली पुकारणाऱ्या दादांना माझी विनंती आहे, तिला सरपण म्हणण्याआधी एकदा नखाने साल खरवडून पाहा.

प्रभू आपल्या हातांच्या कामाला यश देवो. चला, कोंबड्या वाट पाहत आहेत.